उपग्रहाची गोधडी

दसरा उलटला की दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. पहाटे शाल लागते आणि दुपारी पंख्याखालीही घाम सुटतो, असे ते विचित्र दिवस. गाडीवाला गल्लीत शिरून ओरडतो, शेजारच्या बायका पिशव्या घेऊन बाहेर येतात, आणि घराघरांतल्या तांदळाच्या डब्यांत फळं पिकायला पडतात. मीही आणते. नवरा आणि मुलगा ताटलीभर बिया करून ठेवतात. मी एखादंच खाते, तेही ओट्याशी उभ्या उभ्या. ह्या फळाशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते त्या एका वर्षीच्या सीताफळाच्या दिवसांशी.

त्या दिवसांत मी उपग्रह शिवत होते.

असं म्हटलं की समोरचा हसतो. उपग्रह शिवतात होय? शिवतात. चित्रांत उपग्रहाच्या अंगावर सोन्याचा वर्ख लावल्यासारखं जे चमकत असतं, ते सोनं नसतं. ते पांघरूण असतं. वरचा थर मधासारख्या रंगाच्या प्लास्टिकचा, त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा हलका लेप. त्याखाली चंदेरी पापुद्रे, आणि दर दोन पापुद्र्यांमध्ये नवरीच्या ओढणीला असते तसली जाळी. वर आकाशात एका बाजूनं ऊन भाजत असतं आणि दुसऱ्या बाजूला हाडं फोडणारी थंडी असते. त्या दोन्हींपासून आतल्या यंत्रांना ही गोधडी सांभाळते. ती कुणीतरी मापानं कापावी लागते, थरावर थर ठेवून टाचावी लागते, कोपऱ्यांना दुमडून शिवावी लागते. शेंद्र्याच्या एका कारखान्यात, वातानुकूलित खोलीत, तोंडाला मास्क आणि डोक्याला टोपी घालून हे काम आम्ही दोघी करत होतो. मी आणि निखत. दोघीही इंजिनिअर. कंपनीच्या कागदोपत्री आमचा हुद्दा होता ‘पदवीधर प्रशिक्षणार्थी’.

मी इंजिनिअर झाले त्याचं कारणच मुळी शिवणयंत्र होतं. औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली आईच्या मशीनची. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. बाबा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे घरात दिवसा कुणीतरी झोपलेलं आणि कुणीतरी शिवत बसलेलं, असंच मी पाहिलं. आई मान वर करायची ती फक्त दोरा ओवायला. सुट्टीत मी मशीनजवळ गेले की हातावर चापट मारायची. “सर तिकडं. अभ्यास कर. ह्या खुर्चीत बसायचं नाय तुला.” हूक लावायला, काज करायला मदत लागली तर ती शेजारच्या काकूंना बोलवायची, मला नाही. तरी हात शिकलाच. डोळ्यांसमोर जे रोज चालतं ते हातात उतरतं, त्याला शिकवणी लागत नाही.

कॉलेजात कंपनीचे लोक मुलाखती घ्यायला आले आणि आमच्या वर्गातून तिघांची निवड झाली: मी, निखत आणि प्रसाद. त्या संध्याकाळी आईनं मशीनवर कापड टाकलं आणि गल्लीत पेढे वाटले. ‘आमची वंदी उपग्रहाच्या कंपनीत लागली,’ हे वाक्य तिनं किती घरांत सांगितलं असेल कुणास ठाऊक. ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका माझ्याकडे वळून बघायच्या. एकीनं तर विचारलं, “मग हिला वर जावं लागंल का?” आई हसून म्हणाली, “हिचं काम जाईन वर.”

आई म्हणाली ते खरं झालं. माझं काम वर गेलं.

पहिल्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बसवून चहा दिला. सर पन्नाशीचे, भारी प्रेमळ. कुणी आजारी पडलं तर घरी फोन करून विचारणारे, दौलताबादकडच्या आपल्या मळ्यातली फळं साऱ्या विभागाला वाटणारे. त्यांनी समजावून सांगितलं की वर्षभरात प्रत्येकाला तीन ठिकाणी, तीन-तीन महिने फिरवलं जाईल: पांघरुणाचं काम, मग चाचणी, मग उष्णतेचं गणित. नेमणुकीच्या अटींतही तसंच होतं. “सुरुवात कुठून करायची ते मी ठरवतो,” सर म्हणाले. “प्रसाद, तू चाचणीला. तुम्ही दोघी पांघरुणाला. मुलींचा हात हलका असतो.”

मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. निखतनं मात्र बाहेर पडता पडता माझ्या कानाशी तोंड आणलं. “हात हलका! मेरे हात से तो घर में हर हफ्ते एक कप फूटता है.”

निखत रोशन गेटची. तिचे अब्बा शाळेत गणित शिकवायचे आणि तिला लहानपणापासून जेवताना गणितं घालायचे. ती मराठी माझ्यासारखीच बोलायची, पण राग आला की हिंदीत शिरायची आणि फार राग आला की गप्प व्हायची. तिला सुई धरता येत नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं जाळीचे इतके तुकडे वाया घालवले की सर म्हणाले, “वंदना, हिला शिकव गं जरा.” मी शिकवलं. ज्या हाताला आईनं मशीनपासून दूर ठेवलं होतं, त्या हातानं मी एका इंजिनिअरला टाका घालायला शिकवलं. आणि ती पोरगी शिकली, ती अशी शिकली की दोन महिन्यांत माझ्या टाक्यात आणि तिच्या टाक्यात फरक सांगता येईना.

खोटं कशाला बोलू, ती खोली मला आवडायची. तिथं धूळ नव्हती, आवाज नव्हता. जायच्या आधी काजळ पुसायचं, पावडर नाही, बांगड्या नाहीत, टिकली काढून आरशाला चिकटवायची. आत स्पिरिटसारखा गार वास. पापुद्रा उचलला की पाण्यासारखा हलायचा आणि त्यात स्वतःचा चेहरा लांबट, हसरा दिसायचा. घरच्या शिवणकामापेक्षा इथला कायदा उलटा होता. आईकडे टाके जितके जवळ तितकी शिवण पक्की. इथं प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि त्या भोकातून उष्णता पळते. तेव्हा लागतील तेवढेच टाके. शिवाय कापड ताणायचं नाही. ताणलं की थर एकमेकांना चिकटतात आणि उष्णतेला वाट मिळते. थोडं सैल, थोडं फुगीर ठेवायचं. एखादी सुई मोडली तर काम थांबवून तिचे सगळे तुकडे भिंगाखाली शोधायचे, कारण राहिलेलं टोक वर जाऊन काय करेल सांगता येत नाही. हे सगळं समजून करण्यात एक सुख होतं. पण नुसतं करत राहण्यात ते हळूहळू आटत गेलं.

पावसाळा असाच गेला. तीन महिने झाले. प्रसाद चाचणीतून उष्णतेच्या गणिताकडे गेला. आम्ही तिथंच. सरांना विचारलं तर म्हणाले, “हे मोठं काम आलंय ना, उपग्रहाचं पूर्ण पांघरूण. हे झालं की लगेच.” खंडेनवमीला विभागातल्या मशीनची पूजा बाहेरच्या खोलीत झाली, कारण आत हळदकुंकू चालत नाही. सरांनी आम्हा दोघींनाच पुढं केलं. “तुम्ही आमच्या विभागाच्या लक्ष्मी.” निखतनं फूल वाहिलं, बिचारीनं. आणि आठवडाभरात सीताफळांची पहिली पेटी आली.

दुपारच्या सुट्टीत आम्ही कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून ती खायचो. समोर कुंपण, कुंपणापलीकडे कपाशीची रानं, आणि त्या रानांत नवीन कारखान्यांचे खांब. निखत बिया फार लांब थुंकायची. तिच्या पर्समध्ये कायम एक जाडं पुस्तक असायचं, उष्णतेच्या वहनाचं. प्रसादच्या टेबलावरचं गणित ती इथं, कट्ट्यावर करायची. आम्ही शिवत असलेल्या पांघरुणातून नेमकी किती उष्णता गळेल, कोपऱ्यांत किती, शिवणीत किती. एक दिवस ती म्हणाली, “वंदू, ही डाव्या बाजूची शिवण इथं नकोच. एका घडीत भागतं. निम्मे टाके वाचतात.” मी बघितलं. खरंच होतं. शिवणाऱ्यालाच कळेल आणि गणित करणाऱ्यालाच सिद्ध करता येईल अशी ती गोष्ट होती, आणि निखत दोन्ही होती.

ती सरांकडे गेली. मीही सोबत होते. सरांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, चष्मा काढून पुसला, परत ऐकलं. “फार छान. खरंच छान, बेटा. हे प्रसादला दे. तो सादरीकरणात घालेल.”

“सर, मी करते ना सादर.”

“अगं, गणिताचा भाग त्याच्याकडे आहे.”

“मग मला गणिताकडे पाठवा. माझे तीन महिने कधीच झाले.”

सर हसले. त्यात कुजकेपणा अजिबात नव्हता, हेच मला अजून बोचतं. घरातल्या हुशार पोरीनं चंद्र मागितला तर बाप हसेल तसे हसले आणि म्हणाले, “मग टाके कोण घालणार?”

त्याच आठवड्यात घरी आईला कळलं. घरी मी काय काम करते ते कधी नीट सांगितलं नव्हतं. ‘पांघरुणाचा विभाग’ न म्हणता मी ‘थर्मल’ म्हणायचे. दिवाळीच्या करंज्या चालल्या होत्या. मी पारी लाटत होते आणि आई सारण भरत होती. अचानक तिनं माझा डावा हात धरला, उजेडाकडे फिरवला, पहिल्या बोटाच्या पेरावरून अंगठा फिरवला.

“हे काय?”

“वायर लागली.”

“मला शिकवू नको. हा सुईचा घट्टा हाय.” तिनं आपलं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं. दोन्हींवर त्याच जागी तेच. “काय करून घेतात तुझ्याकडून?”

मी सांगितलं. उपग्रह, ऊन, थंडी, पापुद्रे, सगळं सांगितलं, जरा सजवूनच. आई ऐकत होती आणि करंजीच्या कडा दाबत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “म्हंजे गोधडी.”

“तसं नाही गं आई—”

“मंग कसं? कामून खोटं बोलली एवढे दिस?” ती रडली नाही, ओरडली नाही. करंज्यांचं ताट उचलून गॅसकडे गेली आणि पाठमोरी म्हणाली, “शिवायला इतकं शिकावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी हे निखतला सांगितलं. चिकलठाण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “आज से सुई नहीं उठाऊँगी.”

मला वाटलं, रागात बोलतेय. पण ती खोलीत आली, मास्क लावला, टोपी घातली, हातमोजे चढवले, पांघरुणासमोर बसली आणि हात मांडीवर ठेवले. तशीच बसून राहिली. मी सुई ओवली होती. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही, ‘तूही थांब’ असं म्हटलं नाही. मी दोरा काढून टाकला आणि तिच्याशेजारी हात ठेवून बसले. समोर टेबलावर ते सोनेरी पांघरूण अर्धं शिवलेलं पडलं होतं आणि काचेपलीकडून येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते. मला आयुष्यात इतकी भीती पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि इतकं ताठ मी पूर्वी कधी बसलेही नव्हते.

दुपारी सर स्वतः टोपी-मास्क चढवून आत आले. पांघरूण लवकरच पाठवायचं होतं. दुसरं कुणी ते हाताळू शकत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

“हे शोभतं का तुम्हाला?” ते म्हणाले. “देशाचं काम आहे.”

“आम्हीपण देशातच राहतो, सर,” निखत म्हणाली. “आम्हाला अटीप्रमाणे फिरवा. आत्ता लगेच नको. पण नक्की सांगा.”

सरांनी टेबलावरचं अर्धं पांघरूण बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते दुखावलेले होते. “मी शब्द देतो,” ते शेवटी म्हणाले. “पांघरूण गेलं की दुसऱ्या दिवशी निखत गणिताला, वंदना चाचणीला. आता तर झालं?”

झालं. आम्ही सुया ओवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये सीताफळांची आणखी एक पेटी आली, खास आमच्यासाठी. फळं मोठी होती, डोळे उमललेली. त्यांचा गोडवा मला अजून आठवतो. तो शब्द किती गोड लागला होता!

पुढचे दिवस मात्र सुंदर होते, हे मला मान्य करायला हवं. निखतची घडी प्रसादच्या नावानं मंजूर झाली होती, पण शिवणार तर आम्हीच होतो. ती घडी मी घातली आणि निखतनं टाचली. ज्या दिवशी संपलं त्या दिवशी आम्ही पांघरूण लाकडी साच्यावर चढवलं. कुठे ओढ नाही, कुठे सुरकुती नाही, फक्त एक हलकासा फुगवटा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. आम्ही दोघी दिवा मोठा करून नुसत्या बघत राहिलो. निखत हळूच म्हणाली, “अम्मी को दिखाना था.” मलाही आईच आठवली होती.

पांघरूण घेऊन दक्षिणेला, उपग्रह जोडतात तिथं, कुणीतरी जायचं होतं. तिथं ते प्रत्यक्ष अंगावर चढवायचं होतं. आम्ही धरून चाललो होतो की आमच्यापैकी एक तरी जाईल. गेला प्रसाद. “लांबचा प्रवास, तिथं मुलींची राहायची सोय नाही,” सर म्हणाले. निखतनं तिथल्या मुलींच्या वसतिगृहाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, “पुढच्या वेळी.”

प्रसाद वाईट मुलगा नव्हता. जाण्याआधी त्यानं आमच्याकडून सगळं लिहून घेतलं, परत आल्यावर मिठाई आणली आणि कट्ट्यावर बसून सगळं हरखून सांगितलं. तिथला हॉल केवढा, उपग्रह केवढा, लोक कसे. “तुमचं काम सगळ्यांना आवडलं. फक्त एका कोपऱ्यात सैल होतं, ते मी ओढून टेपनं पक्कं केलं.”

निखतच्या हातातला पेढा हातातच राहिला. “डावा कोपरा?”

“हो.”

“तो सैल ठेवला होता, प्रसाद. मुद्दाम. तिथंच तर ती घडी आहे. तुझ्याच नावाची.”

प्रसादचा चेहरा पडला. ती सरांकडे गेली. सरांनी फोन केला, तिकडून कुणीतरी सांगितलं की आता उघडता येणार नाही आणि तेवढ्यानं काही बिघडत नाही. आणि खरंच काही बिघडलं नाही. उपग्रह वर गेला, नीट चालला. कँटीनच्या टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलं. धूर, आग, मग निळ्यात शिरणारा एक ठिपका. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी छोटं भाषण केलं, प्रसादला पुढं बोलावून पाठ थोपटली, टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या. मनात कुठंतरी मला ते बिघडायला हवं होतं का? नाही. त्यात आमचे टाके होते. पण न बिघडण्यानं निखतचं म्हणणं जणू कधी नव्हतंच, असं झालं.

पांघरूण गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही, तेव्हा मीच सांगते. दुसऱ्या दिवशी सर सुट्टीवर होते. नंतर लग्नसराई आली, मग वर्षअखेरीची तपासणी आली, मग दुसरं पांघरूण आलं. मी विचारायला गेले की सर “हो हो” म्हणायचे. निखतनं विचारणं सोडलं. ती टाके घालायची आणि गप्प असायची. वर्ष संपलं तेव्हा प्रसादला इंजिनिअर म्हणून कायम केलं. आम्हालाही कायम करणार होते, पण ‘तंत्रज्ञ, शिवण’ म्हणून. सरांना वाटलं, त्यांनी आमच्यासाठी मोठी लढाई जिंकली. “बाहेर बघा, किती मुलं बेकार आहेत,” ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

घरी मी आईला विचारलं. तिला नोकरीची गरज माझ्यापेक्षा जास्त कळत होती. ती मशीनवरच बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, “शिवायचंच असंल तर घरी शीव. निदान खुर्ची तरी आपली हाय.”

आम्ही दोघींनी एकाच दिवशी नकार कळवला. सर गेटपर्यंत सोडायला आले. त्यांना आम्ही कृतघ्न वाटलो असणार.

निखत पुण्याला गेली, बंगळुरूला गेली. मुलाखतीत अनुभवाचा दाखला मागायचे. दाखल्यावर विभागाचं नाव होतं, आणि ते वाचून समोरचे लोक एकमेकांकडे बघायचे. एकानं विचारलं, “म्हणजे तुम्ही टेलरिंगला होता?” दोन वर्षं तिनं हे सोसलं. मग बँकेची परीक्षा दिली. आता ती जालन्याला बँकेत आहे, कर्जविभागात, चांगल्या हुद्द्यावर. नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं तर तो स्वतः लावतो. त्याला वाटतं, बायकोला सुई धरता येत नाही. परवा फोनवर मी विषय काढला तर म्हणाली, “छोड़ ना, वंदू.” आणि मग थोड्या वेळानं, भलत्याच बोलण्याच्या मधे: “घडी बरोबर थी ना मेरी?” मी म्हटलं, “बरोबर होती.” तिनं पुढं मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली.

मी इथल्याच तंत्रनिकेतनात शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलं तेवढंच, सुट्टीत काही नाही. शहराचं नाव बदललं, शेंद्र्याची कपाशी जाऊन तिथं रस्ते आले, माझी नोकरी मात्र दर वर्षी जूनमध्ये नव्यानं लागते. उष्णतेचं वहन शिकवते. पोरं विचारतात, पोकळीत उष्णता कशी जाते, तिला कसं अडवायचं. मी फळ्यावर थर काढून दाखवते. हे मला पुस्तकातून आलेलं नाही, एवढं सांगत नाही.

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. अश्विनी, शेंद्र्याची. इथून डिप्लोमा करून पुढं इंजिनिअरिंगला गेली. पोरगी शांत, अक्षर सुबक, गणित पक्कं. स्टाफरूमच्या दारात पेढ्याचा डबा घेऊन उभी. त्याच कंपनीत, पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून तिची निवड झाली होती.

“घरापासून चालत जाता येतं, मॅडम. आमच्याच आजोबांच्या रानात आहे ती. आई तर लई खूश झालीय.”

“मुलाखतीत काय विचारलं?”

“सगळं उष्णतेचंच. तुम्ही शिकवलेलंच आलं. आणि मग विचारलं, शिवणकाम येतं का म्हणून.” ती हसली. “मी म्हटलं, येतं की! आईनं शिकवलंय. ते लगेच खूश झाले.”

मी तिला खुर्ची दिली. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज नीट राहिला नाही. मी म्हणाले, पहिल्या दिवशी, सुईला हात लावायच्या आधी, तुला कुठल्या कुठल्या विभागात कधी फिरवणार ते लिहून घे. तारखांसकट. सही घेऊन. कुणी कितीही प्रेमळ असो, शब्दावर टाका घालू नकोस. आणि स्वतः काही शोधलंस तर ते दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस.

अश्विनीनं सगळं मन लावून ऐकलं, वर्गात ऐकायची तसंच. मग डब्याच्या झाकणावर बोट फिरवत म्हणाली, “पण मॅडम, पहिल्याच दिवशी असं मागितलं तर ठेवतील का मला?”

“बहुतेक नाही.”

“मग?”

ती मान वर करून बघत होती. उत्तर मला येत असणार याची तिला खात्री होती. मी डब्यातला एक पेढा उचलला, पूर्ण तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. तोंडात घास असताना बोलायचं नसतं, एवढंच मला त्या वेळी सुचलं.